विषादग्रस्तांचे सारथ्य

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ विषादाने होतो, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्या भाविकांच्याही लक्षातून पुष्कळदा सुटते. पहिल्या अध्यायात जो धनुर्धर रथात उभा आहे, त्याची गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, त्वचेचा दाह होत आहे, आणि मन जागेवर राहिलेले नाही. ज्या हातातून गांडीव कधी सुटले नव्हते त्या हातातून ते गळून पडत आहे. बोलता बोलता तो अशा टोकाला येतो की, निःशस्त्र असताना शत्रूंनी आपल्याला मारून टाकले तरी तेच अधिक हिताचे होईल, असे त्याला वाटू लागते. आणि मग धनुष्यबाण टाकून तो रथात बसून राहतो. जगण्यापेक्षा मरण बरे वाटू लागलेल्या मनुष्याचे याहून यथातथ्य चित्र क्वचितच सापडेल.

या संपूर्ण अध्यायात भगवंत किती बोलतात? जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढे एकच लहानसे वाक्य. बाकी सर्व वेळ ते ऐकत आहेत. ते रथ सोडून जात नाहीत, अर्जुनाला मध्येच अडवीत नाहीत, दुसऱ्या कोणाला बोलावून त्याची दशा दाखवीत नाहीत. विषादालाही या ग्रंथात 'योग' हे नाव मिळाले, त्याचे एक कारण हेच म्हटले पाहिजे की त्या घटकेला अर्जुन एकटा नव्हता.

ज्यांच्या रथावर त्या घटकेला सारथी नसतो, त्यांचे काय होते, याचा हिशेब आज राज्याच्या दप्तरात मिळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आपल्या हाताने आयुष्य संपविले. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातील होती, आणि कोणत्याही राज्यातील ही सर्वांत मोठी संख्या होती. शेतीवर जगणाऱ्यांची संख्या ११,२९० होती. परंतु हे अंक केवळ गेलेल्यांचे आहेत. प्रत्येक अंकामागे एक घर उभे आहे, आणि त्या घराचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही.

विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या मुलखात दोनशे उंबऱ्यांच्या एखाद्या गावी असा प्रसंग ओढवतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. पहिल्या दिवशी पोलीस येतात, पंचनामा होतो, देह उत्तरीय तपासणीसाठी तालुक्याला जातो. आईला पुत्राचे मुख धड पाहायला मिळण्यापूर्वीच गावाला सर्व तपशील पाठ झालेला असतो. पुढे शासकीय साहाय्याचे एक लाख रुपये मिळावेत म्हणून कागद तहसिलीत जातात, आणि मग ते मरण 'पात्र' होते की 'अपात्र' होते याचा निर्णय लागतो. इकडे पारावर दुसरी चौकशी चालू असते. बायको काय बोलली होती? बापाने पैसे का दिले नाहीत? पोराला कोणते व्यसन होते? विधवेकडे पाहण्याची नजर बदलते. धाकट्या मुलीची सोयरीक अडते. परगावच्या पाहुण्यांना 'छातीत कळ येऊन गेला' असे सांगण्याची घराला सवय लागते. आणि जे दुःख खरे सांगता येत नाही ते रडूनही मोकळे होत नाही. तेराव्यापर्यंत अंगणात माणसे असतात. चौदाव्या दिवसापासून त्या अंगणात कोणी पाऊल ठेवीत नाही. येणाऱ्यांच्या मनात द्वेष नसतो. काय बोलावे हे कळत नाही, म्हणून ते येत नाहीत. परंतु आत बसलेल्या आईला हे कारण कसे कळावे? तिला एवढेच दिसते की गावाने तिचे दार टाळले.

अशा वेळी धर्माचे नाव घेऊन दोन मते पुढे येतात, आणि त्यांचा विचार केल्यावाचून गृहस्थाचे कर्तव्य निश्चित होणार नाही. पहिले मत असे की, आत्मघात हे महापाप असून असा जीव अंधतमस लोकांना जातो, असे उपनिषदच सांगते. दुसरे मत असे की, शास्त्राने अशा मृताची उदकक्रियाही वर्ज्य केली आहे. तेव्हा त्याच्या घरी शोकाला बसणे अनुचित होय.

पहिल्या मताचा आधार ईशावास्योपनिषदातील 'आत्महन्' हा शब्द आहे. या शब्दाचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी आपल्या भाष्यात देहघात असा केलेलाच नाही. नित्य विद्यमान असलेल्या आत्म्याला अविद्येमुळे जे ओळखीत नाहीत, ते सर्व प्राकृत अज्ञानी जन तेथे 'आत्महन्' म्हटले आहेत. या अर्थाने पाहिले तर तो शब्द शोकाकुल घराकडे बोट दाखवीत नाही. तो पारावर बसून निवाडा करणाऱ्याकडेही तितक्याच सरळपणे वळतो. आचार्यांचे भाष्य न पाहता हा मंत्र एखाद्या मातेच्या कानावर घालणे, हे शास्त्राचेही अज्ञान आणि दयेचेही दारिद्र्य होय.

दुसरे मत अधिक विचार करण्यासारखे आहे. कारण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आपल्या देहाचा त्याग करणाऱ्यांची उदकक्रिया खरोखरच वर्ज्य सांगितली आहे. येथे शास्त्रवचन वाचण्याची परंपरागत रीत ध्यानात घेतली पाहिजे. निषेधाचे प्रयोजन कोणते? जो अजून जिवंत आहे, त्याने त्या मार्गाला जाऊ नये, हे. निषेध कृतीपूर्वीचे कुंपण आहे. कृती घडून गेल्यावर मागे राहिलेल्या निरपराध्यांवर उगारण्याचा तो दंड नव्हे. शिवाय याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनी हा निषेध बुद्धिपूर्वक केलेल्या कर्मापुरता मर्यादित केला आहे. प्रमादाने आलेल्या मरणाला तो लागू नाही. पुढील निबंधकारांनी तर दुर्मरणासाठी नारायणबलीचा विधी सविस्तर सांगितला. कमलाकरभट्टांच्या १६१२ सालच्या निर्णयसिंधूत तो आहे, आणि त्र्यंबकेश्वरी आजही तो केला जातो. ज्या परंपरेने एक दार लावले असे वाटते, तिनेच दुसरे दार उघडून ठेवले आहे. मात्र कर्जाने खचलेल्या घराला हा विधी ऋण काढून करायला लावू नये. श्रद्धेने दिलेली जलांजली लहान नसते.

आता 'बुद्धिपूर्वक' या शब्दाचाच विचार करावा. आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यापासून बुद्धीचा नाश, ही उतरती पायरी भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे. निघण्याचे मूळ वेगवेगळे असेल. कोणी रोगाने, कोणी कर्जाने, कोणी अपमानाने, कोणी घरातल्या नित्याच्या कलहाने त्या पायरीवर येतो. परंतु शेवटच्या पायरीवर सर्वांची अवस्था एकच असते. तेथे विवेकाचा दिवा विझलेला असतो. आजचे वैद्यकशास्त्र गंभीर मनोव्याधीविषयी हेच सांगते की, त्या काळात मनाला इतर मार्ग दिसतच नाहीत. भारताच्या विधीनेही ही दृष्टी स्वीकारली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, आणि शासनाने त्याची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करावे, असे ठरविले. जुन्या दंडसंहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे ३०९ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते उरले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अद्याप अपराध आहे. तेव्हा वाचलेल्या माणसाला रुग्णालयात नेताना खटल्याच्या भयाने घटकाही दवडण्याचे कारण राहिलेले नाही.

यावर कोणी शंका घेईल की, इतकी करुणा दाखविली तर लोकांना त्या मार्गाचे भय उरणार नाही. ही शंका अप्रामाणिक नाही. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की, देहत्यागाने दुःखातून सुटका होते, गेलेल्याला शांती मिळाली, त्याने घरासाठी बलिदान केले, असे बोलणेही तितकेच घातक आहे. ऐकणाऱ्यांत दुसरा एखादा खचलेला मनुष्य बसलेला असतो. जीर्ण वस्त्रांचा दृष्टांतही या संदर्भात चुकीचा वापरला जातो. भगवंतांनी तो दृष्टांत, रथात बसून राहिलेल्याला उठून कर्तव्याला उभे करण्यासाठी सांगितला. कर्तव्य टाकून निघून जाण्यासाठी सांगितला नाही. आपणच आपला उद्धार करावा, आपल्याला खचू देऊ नये, असे सहाव्या अध्यायात त्यांनीच सांगितले आहे. करुणा आणि निषेध यांचे क्षेत्र वेगळे आहे. निषेध जिवंताच्या रक्षणासाठी आहे, करुणा मागे राहिलेल्या घरासाठी आहे. आणि दोन्ही एकाच धर्माच्या आज्ञा आहेत.

हा मोह केवळ दुर्बलांना होतो, अशी समजूत असेल तर महाभारताच्या आदिपर्वातील वसिष्ठांचे आख्यान वाचावे. शंभर पुत्र गेल्यावर त्या ब्रह्मर्षीलाही जगणे नकोसे झाले. त्यांनी देहत्यागाचा निश्चय केला. पण निसर्गाने त्यांना स्वीकारले नाही. ज्या नदीने त्यांचे पाश सोडवून त्यांना तीरावर परत ठेवले, ती विपाशा, आजची बियास. पुढे आश्रमाकडे परतत असताना त्यांना मागून वेदपठणाचा ध्वनी ऐकू आला. मागे कोण येत आहे, असे त्यांनी विचारले. ती होती त्यांची विधवा स्नुषा अदृश्यंती. आणि तो स्वर तिच्या उदरातील पराशरांचा होता. आपले कोणी उरले आहे हे कळताच वसिष्ठ मरणाच्या विचारापासून फिरले. ज्यांच्या नावाचा योगवासिष्ठ ग्रंथ लोक श्रद्धेने वाचतात, त्यांच्या आयुष्यातही असा प्रहर आला होता, आणि तो टळला. तो टळला म्हणूनच तो ऋषी पुढे नातवाला मांडीवर घेऊ शकला. खचलेल्या माणसाला मागून येणारी पावले ऐकू येत नाहीत. ती त्याला ऐकवणे हेच जवळच्या माणसांचे काम.

मग शोक करणाऱ्या घरी जाऊन बोलावे काय? पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ तिसऱ्याच दिवशी सांत्वनाला जाऊन 'आत्मा अमर आहे, शोक करू नये' असे सांगतात आणि गीता सांगितल्याचे समाधान घेऊन परततात. त्यांनी भगवंतांचे आचरणही पाहावे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी अर्जुनाची दोन श्लोकांत निर्भर्त्सना केली. तिने अर्जुन उठला काय? 'मी लढणार नाही' असे म्हणून तो पुन्हा गप्प झाला. मात्र त्यापूर्वी त्याने आपले अंतःकरण पूर्ण उघडले होते आणि आपण होऊन शिष्यत्व पत्करले होते. तेव्हा कोठे आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेश सुरू झाला. दुःखिताने विचारल्याशिवाय तत्त्वज्ञान सांगू नये, ही गीतेच्या रचनेतच असलेली मर्यादा आहे.

याहून बोलका प्रसंग द्रोणपर्वात आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. ज्याने प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून गीता ऐकली, त्याला ती ऐकून अद्याप दोन आठवडेही झाले नव्हते. आणि तो अर्जुन पुत्रासाठी सामान्य पित्यासारखा विलाप करू लागला. 'सांगितले ते इतक्यात विसरलास?' असे भगवंत त्याला म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला सावरले, धीर दिला. आणि पुढे ते स्वतः सुभद्रेच्या निवासात गेले व तिचे दुःख त्यांनी ऐकून घेतले. ज्ञान झाले तरी पुत्रशोक होतो. ज्ञानाने शोकाला लाज वाटायला लावावे, हा गीतेचा आशय नाही.

तेव्हा लहान गावातील गृहस्थांनी अशा घराविषयी काय करावे, याचा सारांश असा सांगता येईल :

(१) जावे. शब्द सुचत नसले तरी जावे. 'काय बोलावे कळत नाही, पण आलो आहे' एवढे वाक्य पुरे असते. घरात चूल पेटत नाही त्या दिवसांत शेजारून भाकरी जातेच. या घरीही ती इतर घरांप्रमाणेच गेली पाहिजे.

(२) कसे झाले आणि का झाले, हे विचारू नये. कारण कधीच एक नसते, आणि एक कारण शोधणे म्हणजे एक अपराधी शोधणे होय. तो अपराधी बहुधा पत्नी ठरते.

(३) गेलेल्याचे नाव घ्यावे. त्याची नांगरट सरळ होती, तो भजनात टाळ चांगला धरीत असे, असे जे आठवेल ते सांगावे. शेवटच्या एका दिवसाने मनुष्याचे चाळीस वर्षांचे आयुष्य पुसले जात नाही.

(४) मुलांना खोटे सांगू नये. वयाला झेपेल अशा शब्दांत सत्य सांगावे, आणि 'यात तुझी काही चूक नाही' हे पुन्हा पुन्हा सांगावे; कारण मुले हा भार न बोलता आपल्या माथी घेतात.

(५) तेराव्यानंतरची गाठ सोडू नये. पेरणी, सावकाराचा तगादा, तहसिलीतील खेपा, मुलांच्या शाळेची फी, येथे मनुष्यबळ लागते. पहिल्या दिवाळीला त्या घरी फराळ पोचावा, वर्षश्राद्धाच्या दिवशी कोणी तरी ओट्यावर जाऊन बसावे.

(६) विधवेला मंगल कार्यातून आणि मुलांना सोयरिकीतून वगळू नये. गावातील एका जाणत्या घराने त्यांना सन्मानाने बोलावले, तर बाकीच्या घरांना मार्ग सापडतो.

हे सर्व दयेपोटी सांगितले आहे, इतकेच नव्हे. यात रक्षणही आहे. ज्या घरातून असा एक जीव गेला, त्या घरातील माणसांना तोच धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून त्या घरी जाणे म्हणजे पुढचे मरण अडविणे होय. कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागला, जपलेल्या वस्तू वाटू लागला, झोप आणि अन्न सुटले, 'माझा तुम्हाला भारच आहे' असे म्हणू लागला, किंवा पूर्वी एकदा तसा प्रयत्न करून वाचला असेल, तर त्याला सरळ विचारावे : 'जीव द्यावा असे मनात येते काय?' विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत खोटी आहे; विचारल्याने कोंडलेला श्वास सुटतो. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, शेतीची औषधे व इतर घातक वस्तू कुलुपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि त्याच दिवशी वैद्यकीय साहाय्य मिळवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेलीमानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. आशा सेविकेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही सांगावे.

गावातील साधी माणसे हे करू शकतील काय? अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा एक उपक्रम झाला. तेथे गावच्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविण्यात आले. त्यांनी ऐकून घेतले, धीर दिला, गरज असेल त्यांना तज्ज्ञांकडे पोचविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाप्रमाणे, विषादरोग असलेल्या शंभर माणसांपैकी पूर्वी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते, ते पुढे २७ पोचू लागले. आणि मरणाचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही सुमारे निम्म्यावर आले. चेन्नईतील 'स्नेहा' ही संस्था १९८६ पासून स्वयंसेवकांच्याच बळावर हे ऐकण्याचे व्रत चालवीत आहे. अर्जुनाचा सारथी भगवान होता हे खरे. पण सारथ्याचे जे पहिले कर्म, जवळ थांबणे आणि ऐकणे, ते कोणत्याही गृहस्थाच्या आवाक्यातले आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकीच कोणी आज गांडीव गळालेल्या अवस्थेत बसला असेल, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की अर्जुनाने आपली दशा लपविली नाही. थरथरणाऱ्या अंगाने, कोरड पडलेल्या तोंडाने त्याने जवळच्या सख्याला सर्व सांगितले. सांगितले म्हणूनच पुढचे सतरा अध्याय घडले, आणि अखेरीस तोच अर्जुन म्हणाला की मोह गेला, स्मृती परत आली. त्यानेही आज एका माणसाला सांगावे. विषादाचा अध्याय पहिला असतो. तो शेवटचा असतो असे त्या अध्यायात बसलेल्याला वाटते, इतकेच.

ज्या गावात दुःखाच्या घराचे दार टाळले जात नाही, तेथे गीतेचा पाठ झाला असे समजावे. गेलेल्याचा न्याय सर्वांतर्यामी परमेश्वर करील. तो दयाळू आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. गृहस्थाच्या वाट्याला त्या ओट्यावर जाऊन बसणे आले आहे. ते त्याने करावे.